सहा संडासांचं घर

‘‘ताई, अंक दिवाळीचा आहे हो. लोक फराळ करता करता वाचतात,’’ संपादकबाई फोनवर म्हणाल्या. लेखाचा विषय त्यांनी आधी दोनदा विचारून घेतला होता.

‘‘मग बरंच की,’’ मी म्हटलं. ‘‘फराळावर पाणी पितील ना? ते पुढे कुठे जातं तेही कळेल त्यांना.’’

हसावं की फोन ठेवावा, हे त्यांना कळेना. शेवटी हसल्या, म्हणून हा लेख.

मी नर्स होते. अलिबागकडच्या एका लहानशा खासगी हॉस्पिटलात माझी सगळी नोकरी गेली. आमच्या डॉक्टरांचं काम मूत्रमार्गाच्या ऑपरेशनांचं. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस लघवीची काही ना काही तक्रार घेऊन यायचा आणि ती सांगताना छताकडे बघायचा. पंख्याला सांगितल्यासारखी. बायका तर तेवढंही बोलायच्या नाहीत. सोबत आलेल्या नणंदेच्या नाहीतर बहिणीच्या कानात सांगायच्या आणि ती मला सांगायची. आमच्या वॉर्डात ‘जेवण झालं का’ हा प्रश्न नंतर. आधी प्रत्येक खाटेशी जाऊन विचारायचं, ‘झाली का?’ कुणी मान डोलावली की माझा जीव भांड्यात पडायचा. लग्नकार्यात भेटलेले जुने पेशंट बायकोशी माझी ओळख करून द्यायचे, ‘‘ह्या नळीवाल्या सिस्टर.’’ बायको माझ्या हातातल्या जेवणाच्या ताटाकडे बघायची आणि चार पावलं लांब सरकायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. अडलेल्या लघवीसाठी नळी घालण्यात माझा हात हलका होता आणि ते मला ठाऊक होतं.

बहुतेकांची समजूत अशी असते, की प्यायलेलं पाणी पोटात जातं आणि तिथून पन्हळीतून उतरावं तसं सरळ खाली येतं. तसं काही नसतं. पाणी आधी आतड्यांतून रक्तात जातं. रक्त फिरत फिरत मूत्रपिंडांत, म्हणजे आपल्या किडन्यांत येतं. ह्या दोन किडन्या पाठीच्या बाजूला, कण्याच्या डाव्या-उजव्या अंगाला, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. एकेक मुठीएवढी. आत लाखोंनी बारीक गाळण्या. दिवसभरात त्या इतकं पाणी गाळतात, की मोठं पिंप भरावं. नर्सिंगला असताना हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शुद्ध थाप वाटली होती. पिंपभर गाळतात, तर माणसाला पिंपभर लघवी का होत नाही? कारण गाळलेल्यातलं जवळजवळ सगळं पाणी, सगळी साखर, हवं तेवढं मीठ शरीर तिथल्या तिथे परत ओढून घेतं. नको तेवढंच उरतं. ती लघवी.

मग ती किडनीतून निघते आणि वीतभर लांबीच्या एका बारीक नळीतून खाली येते. ही नळी नुसती लोंबकळत नसते, ती आकसते, सैलावते आणि थोडी थोडी लघवी पुढे ढकलत राहते. तुम्ही झोपा, बसा, शीर्षासन करा, तिचं काम चालू. खाली लघवीची पिशवी. नळी तिच्यात तिरकी शिरते, म्हणजे आत आलेलं उलट वर जाऊ नये. पिशवी बरीच भरली की मेंदूला निरोप पाठवते. मेंदू म्हणतो, थांब, आत्ता नको, माणसं आहेत. पिशवी बिचारी ऐकते. पण वर्षानुवर्षं ‘थांब, थांब’ एवढंच ऐकवलं, तर एक दिवस ती निरोप पाठवायचंच सोडून देते. हे शेवटचं वाक्य मी कित्येक वर्षं पाठ म्हणत होते. त्याचा खरा अर्थ मला नागावच्या वैशालीवहिनींनी शिकवला. पण त्यांच्याआधी आणखी दोघांबद्दल सांगते.

किहीमच्या एका गृहस्थांच्या लघवीत इतकी साखर निघाली, की आमच्या लॅबवाल्याने बाटली खाली ठेवून तपासणी पुन्हा केली. पुन्हा तेच. गृहस्थ काटकुळे, धडधाकट, रोज समुद्रावर फिरणारे. तरी त्यांच्या बायकोने तिथेच रडायला सुरुवात केली. रक्त काढलं, तर रक्तातली साखर अगदी जागेवर. डॉक्टर चक्रावले. मी बाटली उजेडाकडे धरली, तर तळाशी लालसर थर. ‘‘काका, ही बाटली कसली?’’ काका म्हणाले, ‘‘कोकम सरबताची. पण विसळून घेतली होती हो!’’ नंतर त्यांनी आम्हाला आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, एक भरलेली बाटली आणून दिली. ती फ्रिजमधून काढून कुणी उघडायला तयार होईना.

दुसरे आमचे नाना. पेणच्या आतल्या बाजूचे भातशेतीवाले. सून तोंडाला पदर लावून म्हणाली, म्हातारा कपडे ओले करतो, थांबतच नाही. नानाही म्हणाले, ‘‘सारखी गळतंय गो बाय. होत न्हाय म्हणशील तर तसं न्हाय, सारखी होतंय.’’ मी त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि दचकले. बेंबीपर्यंत घट्ट, टणक गोळा. प्रोस्टेटची गाठ वाढून वाट अडली होती, पिशवी तुडुंब भरली होती आणि गळत होतं ते नुसतं काठावरून सांडणारं. मी नळी घातली. खाटेला लावलेली पिशवी भरली. ती रिकामी केली, परत भरली. नाना मान वर करून बघत होते. ‘‘हे एवढं माझ्याच पोटात व्हतं व्हय?’’ त्यांनी विचारलं. मलाही तोच प्रश्न पडला होता. सारखी होते म्हणणाऱ्या माणसाची लघवीच तुंबलेली असू शकते, हे पुस्तकात वाचलं होतं. पण डोळ्यांनी पाहिलं ते नानांमुळे.

म्हातारे पुरुष असे पुष्कळ येत. म्हणून मला वाटायचं, तुंबण्याचा धक्का आपल्याला आता नवा नाही.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या डिसेंबरातली गोष्ट. नाताळच्या सुट्ट्या, अलिबागच्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांची रांग. दुपारी एक रिक्षा दारात आली आणि सुधाकरभाऊंनी बायकोला जवळजवळ उचलूनच आत आणलं. सुधाकरभाऊंची नागावला नारळ-पोफळीची वाडी आहे आणि वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या. आम्ही स्टाफचे लोक एकदा तिथे जेवायला गेलो होतो. वैशालीवहिनींच्या हातचं वालाचं बिरडं आणि तव्यावरून ताटात पडणारी तांदळाची भाकरी माझ्या आजही लक्षात आहे. त्या दिवशी आमच्यातला शेवटचा माणूस ‘बस’ म्हणेपर्यंत ती बाई तव्यापुढून हलली नव्हती. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

आता तीच बाई हुडहुडीने खाट हलवत होती. अंग भाजत होतं, पाठीला हात लावू देत नव्हती.

‘‘उन्हाळी लागलीय, सिस्टर,’’ सुधाकरभाऊ म्हणाले. ‘‘दर सीझनला लागते तिला. धणे-जिऱ्याचं पाणी घेते, होते बरी. ह्या टायमाला जरा जास्तच हाय.’’

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे उन्हाळी म्हणतात. पण बाहेर लोक स्वेटर घालून फिरत होते. ‘‘डिसेंबरात कसली उन्हाळी, सुधाकरभाऊ?’’ मी म्हटलं.

सोनोग्राफीच्या आधी मी वहिनींना विचारलं, ‘‘झाली का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘झाली. आत्ताच जाऊन आले तुमच्या इथं. थोडी झाली.’’ डॉक्टरांनी पोटावर यंत्र ठेवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. मी पडद्याकडे बघितलं. लघवी करून आलेल्या बाईची पिशवी बेंबीपर्यंत भरलेली होती. वरच्या दोन्ही नळ्या फुगलेल्या, दोन्ही किडन्या फुगलेल्या. नानांच्या वेळी होतं तेच चित्र, फक्त अजून चाळिशीतल्या बाईचं. तिला कुठली प्रोस्टेटची गाठ असणार? कुठे खडा नाही, कुठे अडथळा नाही. वाट मोकळी होती आणि तरी सगळं तुंबलं होतं.

मी नळी घातली. खाटेच्या पिशवीत उतरलं ते पाणी गढूळ होतं आणि वास असा, की इतक्या वर्षांच्या सवयीनंतरही मी तोंड वळवलं. पिशवी भरतच राहिली. वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या.

‘‘दिवसातून किती वेळा जाता?’’ मी विचारलं.

‘‘पहाटे. मग पाहुणे झोपले की.’’

‘‘आणि मधे?’’

‘‘मधे लागतच न्हाय मला.’’

‘‘पाणी?’’

‘‘सकाळचा चहा घेते की. पाणी प्यायलं की मग जावं लागतं.’’

हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. त्या तापलेल्या तव्यासमोर दिवसभर उभी राहणारी बाई. वाडीत शहाळ्यांचे ढीग, पाहुणा आला की आधी त्याच्या हातात शहाळं. आणि हिच्या पोटात सकाळचा चहा.

डॉक्टर सुधाकरभाऊंकडे वळले. ‘‘घरात संडास आहे ना?’’

‘‘एक काय, सहा हायत डॉक्टर!’’ सुधाकरभाऊंची मान ताठ झाली. ‘‘सहाच्या सहा कमोडवाले. चोवीस तास गरम पाणी. सगळ्या खोल्या अटॅच्ड.’’

खाटेवरून आवाज आला, अगदी हलका. ‘‘आपले न्हाय ते. पाहुण्यांचे.’’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घरचा म्हणून जो संडास होता, तो वाडीच्या कोपऱ्यात होता. मोठ्या वादळात त्याच्यावर माड पडला. तेव्हा वाडी उभी करायची की संडास, असा प्रश्न होता. पुढे हातात पैसा आला तो खोल्यांना लागला, कारण खोल्यांवरच घर चालायचं होतं. ‘करू, करू’ म्हणता म्हणता कोपरा तसाच राहिला. सुधाकरभाऊंचं काही अडलं नाही, माडाच्या बुंध्याशी उभं राहिलं की काम झालं. वहिनी पहाटे अंधार असताना रस्त्यापलीकडे चुलत जावेकडे जात आणि पाहुणे झोपले की पुन्हा एकदा. एरवी एखादी खोली रिकामी असायची, तेव्हा तिथे. सीझनमध्ये खोली रिकामी कुठली?

‘‘अहो, पण ते सहा संडास रोज धुतं कोण?’’ मी विचारलं.

‘‘मीच की.’’

‘‘मग धुवायला आत जाता, तेव्हाच कडी लावून…’’

वहिनींनी डोळे उघडले. मी काही भलतंसलतं बोलले असावे, असं बघितलं माझ्याकडे. ‘‘पाहुण्यांनी भाडं भरलेलं असतं, सिस्टर. त्यांच्या खोलीत जाऊन आपण… बरं दिसतं का ते?’’

मी वॉर्डातून बाहेर आले आणि जिन्यात उभी राहिले. सहा संडास रोज फिनेल टाकून घासणारी बाई त्यातला एकही वापरत नव्हती, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मना केलं नव्हतं. नवरा वाईट नव्हता. सासू जाच करत नव्हती, सासू होतीच कुठे! मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडायला माणूसच सापडेना. हा धक्का मला आजवर पचलेला नाही.

डॉक्टरांनी संध्याकाळी सुधाकरभाऊंना केबिनमध्ये बोलावलं. जंतू रक्तात पसरायला लागले होते, ते औषधांनी आवरता येतील. ‘‘उजवी किडनी सावरेल असं वाटतंय. डावीचं मी काही सांगू शकत नाही. आणि हे असंच पुढे चाललं, तर दोन्ही जातील. मग आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या मशीनवर.’’ डॉक्टर बाहेर गेल्यावर सुधाकरभाऊ मला म्हणाले, ‘‘सिस्टर, लघवी रोखली तर किडनी कशी जाईल हो? किडनी तर वर पाठीत.’’

मी म्हटलं, ‘‘वाडीला पाणी सोडता तुम्ही. शेवटच्या आळ्याचं तोंड पालापाचोळ्याने बुजलं आणि पंप चालूच ठेवला, तर काय होईल?’’

‘‘पाणी मागं फुगंल.’’

‘‘आणि फुगून कुठे जाईल?’’

‘‘वरच्या पोफळींत. तिथं तुंबून राहील. मुळं कुजतील.’’

‘‘पंप काही बंद करता येत नाही, सुधाकरभाऊ. रक्त चालू आहे तोवर किडन्या गाळतच राहणार.’’

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ‘‘पोफळीचं एक पान पिवळं पडलं तरी मला दिसतं हो,’’ ते म्हणाले. ‘‘ही मला कधी बोलली न्हाय.’’ मी हे वहिनींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘त्यात काय बोलायचं?’’

ताप उतरला. पण पिशवी इतकी ताणली गेली होती, की आकसायचं विसरली होती. बरेच दिवस नळी ठेवावी लागली. नळी काढली त्या दिवशी मी वहिनींना बाथरूममध्ये पाठवलं आणि दाराबाहेर उभी राहिले. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तशी. आत बराच वेळ काही नाही. मग आधी थेंब थेंब, आणि मग धार. मला रडूच आलं. बाहेर येऊन वहिनी म्हणाल्या, ‘‘काय झालं, सिस्टर?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही. पाणी प्या.’’

त्यांची पिशवी पुन्हा निरोप पाठवायला लागेल याचा भरवसा नव्हता. म्हणून घड्याळावर जायचं ठरवून दिलं. लागो न लागो, मोबाइलचा गजर वाजला की हातातलं काम टाकून जायचं. ‘हातातलं काम टाकून’ हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं. वहिनींनी मान डोलावली. छताकडे बघत डोलावली, त्यामुळे मला खात्री वाटेना. निघताना सुधाकरभाऊ म्हणाले, ‘‘घरी गेल्या गेल्या पहिला संडास बांधतो.’’

नंतरच्या तपासण्यांत उजवी किडनी सावरली. डावी आकसत गेली. आता सगळी भिस्त एकीवर. मी निवृत्त झाले, आणि पुढच्या नाताळात वहिनींनीच जेवायला बोलावलं म्हणून नागावला गेले.

गेल्या गेल्या मी आधी वाडीचा कोपरा बघितला. मोडका चौथरा तसाच होता. त्यावर नारळाची सोडणं आणि झावळ्यांचा ढीग. अंगणात चार गाड्या उभ्या, ओटीवर पाहुण्यांची पंगत बसलेली, सुधाकरभाऊ हातात पाण्याचा जग घेऊन वाढत होते. मला बघून हसले. मी हसले नाही. तशीच स्वयंपाकघरात गेले. वहिनी तव्यासमोर, कपाळावर घाम, परातीत भाकरीचं पीठ मळलेलं. ‘‘बसा सिस्टर, गरम वाढते,’’ त्या म्हणाल्या. माझ्या तोंडावर प्रश्न आला होता, तेवढ्यात फडताळावरचा मोबाइल वाजला. देवळातल्या घंटेचा गजर.

त्याच वेळी बाहेरून हाक आली, ‘‘काकू, इकडे दोन भाकऱ्या!’’

वहिनींच्या हातात पिठाचा गोळा होता. त्या गोळ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या हातांकडे. एक भाकरी टाकून मग जाते, असं म्हणाल्या असत्या, तर मला सगळं कळलं असतं. त्यांनी गोळा परातीत ठेवला. गॅस बंद केला. हात धुतले आणि गाऊनच्या खिशातून चावी काढून त्या पाहुण्यांच्या पंगतीसमोरून, अगदी मधून, ओटीच्या टोकाला गेल्या. एक नंबरची खोली, समुद्राच्या बाजूची, सगळ्यात चांगली. कुलूप उघडलं, आत गेल्या, आतून कडी लागल्याचा आवाज आला.

‘‘ती खोली तर बंद आहे म्हणाला होतात,’’ एक पाहुणा म्हणाला.

‘‘पाहुण्यांना बंद हाय. ती तिची हाय,’’ सुधाकरभाऊ म्हणाले.

‘‘आणि भाकरी?’’

‘‘थांबावं लागंल. लघवीला गेलीय.’’

भर पंगतीत, हातात जग धरून, सरळ माणसांच्या तोंडाकडे बघत बोलले. छताकडे नाही. मी दारात उभी होते, माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. मग कडेला बसलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘मग येऊ द्या की सावकाश.’’ कुणी सोलकढीची वाटी तोंडाला लावली, कुणी माशाचा काटा काढत बसलं. कुणी उठून गेलं नाही, कुणी रागावलं नाही. पाहुणे थांबले. थांबायला त्यांना काही अडचण नव्हती, आधीही कधी नसणार. एवढ्याशा थांबण्यासाठी त्या बाईने एक किडनी घालवली होती.

वहिनी परत आल्या. फडताळावरचा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायल्या, गॅस पेटवला, तवा तापायला ठेवला आणि पिठाचा गोळा हातात घेतला.

‘‘झाली का?’’ मी विचारलं.

‘‘झाली, सिस्टर,’’ भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. ‘‘भरपूर झाली.’’